अमेरिकेतली गुलामगिरी अस्सल कागदांवरून शिकवताना (सँडीची जाहिरात आणि बाकी बरंच)

ओसरीवरची

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं नुसती वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी व्हर्जिनियात एका पब्लिक शाळेत आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवते. त्याआधी सांगलीकडे सहा वर्षं शिकवत होते, तिथं इतिहास म्हणजे 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा', तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथं पहिल्या वर्षी गुलामगिरीचा धडा आला तेव्हा मी तेच केलं. जहाजं आली, कापूस वाढला, १८६१ ला युद्ध, १८६५ ला गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती. मुलांनी उतरवून घेतलं, चाचणीत मार्कही पडले, आणि तास संपता संपता एक पोरगा दप्तर भरताना म्हणाला, पण मिस, एवढं होतं तर ते लोक पळून का नाही गेले? मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवतही नाही, यावरूनच समजा.

पुढच्या वर्षी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि एक कागद वाटला. १७६९ च्या सप्टेंबरात व्हर्जिनिया गॅझेट या वर्तमानपत्रात आलेली जाहिरात. छापील आहे पण त्या काळचा लांबडा 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो, त्यामुळे पोरं पहिली पाच मिनिटं 'फ्लेव्ह, फ्लेव्ह' करत हसत होती. हसू दिलं. मग हळूहळू लागायला लागलं. सँडी नावाचा माणूस पळालाय. वय ३५ च्या आसपास, ठेंगणा, जरा अंगाने सुटलेला, रंग उजळ. धंदा चपला-बूट शिवण्याचा, काम मुख्यतः डाव्या हाताने करतो. सुतारीची जाडीभरडी कामं येतात, घोड्यांतलंही कळतं. दारू फार पितो, प्यायला की उर्मटपणा करतो, शिव्या फार देतो. जाताना एक पांढरा घोडा नेलाय आणि स्वतःची चांभारकामाची हत्यारं नेलीयत. आणून देणाऱ्याला कौंटीतच सापडला तर ४० शिलिंग, व्हर्जिनियात दुसरीकडे कुठे सापडला तर ४ पौंड, दुसऱ्या वसाहतीत सापडला तर १० पौंड.

जाहिरातीखालची सही मी कात्रीने कापून टाकली होती. आधी विचारलं, या माणसाबद्दल तुम्हाला काय काय कळलं. फळा भरला. मग विचारलं, यातलं मालकाला सांगायचं होतं काय, आणि सांगायचं नसताना निसटलं काय. इथं वर्ग जरा गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बक्षीस लांब लांब वाढत जातंय, म्हणजे हा माणूस लांब जाऊ शकतो हे मालकाला पक्कं माहीत आहे. दुसरा म्हणाला, ज्याला चार कामं येतात त्याला 'उर्मट' म्हणतोय म्हणजे तो उलट बोलत असणार.

मग सहीचा तुकडा दाखवला. थॉमस जेफरसन. तेव्हा वय २६. सात वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान जन्माला येतात' लिहिणारा तोच.

'पळून का नाही गेले' हे त्यानंतर त्या वर्गात कुणी विचारलं नाही. अशा हजारो जाहिराती आहेत, कॉर्नेल विद्यापीठाने तर त्यांचा मोठा डेटाबेसच केलाय.

आता माझा प्रश्न. इथे कुणी शिक्षक आहेत का, किंवा ज्यांची मुलं अमेरिकेत शिकतायत असे पालक? असे कागद कितव्या वर्षी द्यावेत, किती द्यावेत, आणि घरी जाऊन मुलं काय बोलतात? मला शाळेतून मिळणारा सल्ला फार गुळमुळीत असतो.

कट्ट्यावरचा_राजा

धागा छान पण मराठी फोरमवर हे कशाला? आपल्याकडे विषय कमी पडलेत का?

न्यूजर्सीचा_बाप

@राजा, ज्यांची पोरं इथं शिकतात त्यांना विचारा कशाला ते.

ओसरीवरची, तुमची पद्धत आवडली, कारण मी दुसरं टोक पाहिलंय. पोरगी पाचवीत असताना तिच्या शाळेत (नाव सांगत नाही) एका हौशी शिक्षिकेने चक्क लिलावाचं नाटक बसवलं. कुणी मालक, कुणी बोली लावणारे, कुणी गुलाम. वर्गात काळी मुलं दोनच, त्यांना काय वाटलं असेल ते सोडाच, आमच्या पोरीला कुठे उभं करावं हे त्या बाईंना कळेना. शेवटी तिला मधे उभं करून हातात हातोडा दिला! लिलाव पुकारायला! घरी येऊन म्हणते, बाबा मी कुठल्या बाजूची होते? मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शाळेत गेलो आणि जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्यामुळे 'अनुभवातून शिक्षण' म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कागद द्या, वाचू द्या, प्रश्न विचारा, नाटकं नकोत.

मीनू_ह्यूस्टन

बापरे, हातोडा 😡

आमच्याकडे टेक्ससमध्ये २०१५ ला गाजलेलं आठवतंय का, भूगोलाच्या पुस्तकात नकाशावर लिहिलं होतं की आफ्रिकेतून लाखो 'कामगार' शेतीवर काम करायला आणले. कामगार! जसं काही एच-१ व्हिसावर नोकरीला आले होते. एका मुलाने आईला फोटो पाठवला आणि मग प्रकाशकाला दुरुस्ती करावी लागली. आणि २०१८ मध्ये सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने सर्व्हे प्रसिद्ध केला त्यात बारावीच्या मुलांपैकी फक्त ८ टक्के मुलांना यादवी युद्धाचं मुख्य कारण गुलामगिरी हे सांगता आलं. आठ!! बाकीचे राज्यांचे हक्क, कर वगैरे.

ओसरीवरची

@मीनू, 'राज्यांचे हक्क' म्हणणारे पालक मलाही भेटतात. वाद घालत नाही. मिसिसिपी राज्याने १८६१ च्या जानेवारीत अमेरिकेतून फुटून निघताना स्वतःच कारणं छापली होती, तो कागद पुढे करते. दुसऱ्याच वाक्यात लिहिलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. मी शब्द घातला नाही, त्यांच्याच राज्यकर्त्यांनी घातलाय, म्हटल्यावर मीटिंग लवकर संपते.

@न्यूजर्सीचा_बाप, वाचून पोटात कालवलं. मी नाटक करत नाही. पण एकदा एक केलं आणि अजून ठरत नाही बरोबर होतं का, म्हणून इथेच विचारते. हॅरिएट जेकब्ज नावाची बाई होती, नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टन गावातली. १८३५ मध्ये पळाली तेव्हा तिच्या मालकाने १०० डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली, त्यात वर असं की ही मुलगी काहीही कारण नसताना पळाली. काहीही कारण नसताना! हा माणूस ती पंधराव्या वर्षात होती तेव्हापासून तिच्या मागे लागलेला. आणि ती गेली कुठे, तर त्याच गावात, आजीच्या घराच्या छपराखाली. जवळजवळ सात वर्षं. पुढे १८६१ मध्ये तिनं स्वतःच सगळं लिहून छापलं, त्यात त्या जागेची मापं दिलीयत, ९ फूट लांब, ७ फूट रुंद, आणि जिथं सगळ्यात उंच तिथं ३ फूट. मी वर्गात खडूने जमिनीवर ९ बाय ७ ची चौकट आखली आणि उंची दाखवायला भिंतीवर एक रेघ मारली. कुणाला आत झोपायला सांगितलं नाही. नुसती आखली आणि शेजारी दोन्ही कागद ठेवले, मालकाचा आणि तिचा. एक मुलगा रेघेजवळ गेला, बाकाच्या उंचीशी ताडून पाहिली आणि परत जागेवर येऊन बसला. शाळा सुटल्यावर मी खडू पुसला नाही, सफाईवाल्यांनी पुसला.

हे नाटकात मोडतं का?

न्यूजर्सीचा_बाप

नाही मोडत. माप म्हणजे माहिती. कुणाला आत घातलं असतं तर मोडलं असतं.

अजिंक्यतारा_७७

पहिल्यांदा लिहितोय, शुद्धलेखन माफ करा.

तुमची ती सँडीची जाहिरात वाचून मी अडकलोय दोन दिवस. माझे आजोबा साताऱ्याला चपला शिवायचे, एसटी स्टँडच्या बाहेर बसायचे. रापी, आरी, ऐरण, बस एवढीच हत्यारं, पण ती दुसऱ्या कुणी हातात घेतलेली चालायची नाहीत. रापीची मूठ झिजून झिजून त्यांच्याच हाताच्या मापाची झालेली, मी लहानपणी धरायचो तर तिरकी बसायची. आणि हा माणूस डावखुरा! डावखुऱ्याचं हत्यार तर डाव्या हाताच्या सवयीनेच घासलेलं, दुसऱ्याच्या दुकानात जाऊन कुणाचंही उचलून काम होत नाही. म्हणून त्याने ती नेली. घोडा विकायला नेला असेल, पण हत्यारं विकायला नेत नाहीत. गावोगाव जाऊन पोट भरायचं ठरवूनच तो निघाला होता. दारूच्या भरात पळालेला माणूस हत्यारं गोळा करत बसत नाही हो.

जेफरसनला हे कळलं होतं, त्याने लिहिलं पण आहे ना बहुतेक, की धंदा करायचा प्रयत्न करेल म्हणून. तुम्ही वर लिहिलं नाही पण असणार.

ओसरीवरची

अजिंक्यतारा, आहे! अगदी तेच वाक्य आहे, हत्यारं नेलीयत आणि बहुधा त्यातून काम मिळवायचा प्रयत्न करील. मी गाळलं होतं आणि तुम्ही बरोबर ओळखलंत. चार वर्षं ही जाहिरात शिकवतेय, डावखुरा म्हणजे 'ओळखायची खूण' यापलीकडे मी गेलेच नव्हते. दंडवत घ्या.

मीनू_ह्यूस्टन

मम (माझंही तेच). सँडीचं पुढे काय झालं?

ओसरीवरची

सापडला. जेफरसनने त्याला १७७३ च्या जानेवारीत १०० पौंडांना विकलं, ती नोंद त्याच्याच हिशेबात आहे. मुलं हे नेहमी विचारतात आणि मला दर वर्षी सांगायला जड जातं.

जुनं_दप्तर

उत्तम धागा. निवृत्त प्राध्यापक आहे, पुण्यात अनेक वर्षं मोडी वाचण्यात गेली. आपला लांबडा 'एस' वाचून आमचे पहिल्या वर्षीचे विद्यार्थी आठवले, मोडीतल्या एकेका अक्षरावर तास जायचा. कागद अवघड असणं हा दोष नाही, अडखळल्यामुळेच माणूस ओळीवर थांबतो.

श्री. राजा यांनी विचारलं की मराठीत हे कशाला, तर दोन गोष्टी. एक, जोतीराव फुले यांचं 'गुलामगिरी' १८७३ चं, आणि त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सज्जन लोकांना आहे, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. पुस्तक मराठी पण अर्पणपत्रिका इंग्रजीत, म्हणजे ती कुणी वाचावी असं जोतीरावांना वाटत होतं हाही विचार करण्याजोगा प्रश्न. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झालेली. आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करतायत त्याची प्रत मागवली, ड्यु बॉइस यांचं उत्तरही आहे. ही दोन्ही अस्सल साधनं आपल्या वर्गात चालतील.

दुसरी गोष्ट कमी सुखावह आहे. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बटीक हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो, तो कागदात माणसाचा दर्जा म्हणून येतो. अमेरिकेचे कागद वाचायची सवय लागली की घरचेही वाचता येतात.

कट्ट्यावरचा_राजा

ओके सर. शब्द मागे घेतो. कुणबिणींचं माहीत नव्हतं.

स्पष्टवक्ता_ठाणे

सगळे वाहवा करतायत म्हणून जरा मीठ टाकतो. 'मी काही म्हणत नाही, कागद म्हणतो' हे जे मॅडम वर लिहितात ते पटलं नाही. हजारो जाहिरातींतून ही एक कुणी उचलली? सही कुणी कापली? तुम्हीच ना. मग शिकवताय तुम्हीच, कागद फक्त हातात आहे. जेफरसन आहे म्हणून उचलली, कुणी ऐरागैरा मालक असता तर धक्का बसला असता का? दुसरं, बहुतेक कागद मालकांचे, सरकारचे, व्यापाऱ्यांचे. गुलामांचं स्वतःचं म्हणणं त्यात कुठे आहे? हॅरिएटसारख्या लिहिणाऱ्या किती?

ओसरीवरची

स्पष्टवक्ता, पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. निवड माझी, कात्री माझी. आता मी मुलांनाही शेवटी विचारत जाईन, की मी हीच जाहिरात का आणली असेल.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र जरा लांब लिहिते, कारण खरी गंमत (गंमत हा शब्द चूक आहे, पण सुचत नाही) तिथे आहे. गुलामांचं स्वतःचं म्हणणं भरपूर आहे. १९३६ ते ३८ मध्ये, मंदीच्या काळात, सरकारने बेकार लेखकांना काम म्हणून गुलामगिरीत जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायला लावलं. २,३०० च्या वर मुलाखती आहेत. मी पहिल्यांदा त्या वर्गात आणल्या तेव्हा मला वाटलं, झालं, आता खरा आवाज मिळाला. आणि मुलं वाचून म्हणाली, मिस, हे तर म्हणतायत मालक चांगला होता!

तेव्हा मी चार्ल्सटनची सुझन हॅमलिन शोधली. शंभरी ओलांडल्याचं सांगणारी बाई. तिच्याकडे एकदा एक गोरी बाई गेली मुलाखत घ्यायला. सुझनला वाटलं ही मदतीच्या ऑफिसातून आलीय. तिला सांगितलं, मालक चांगला, मालकिणीच्या माहेरचेही चांगले, गुलामांना बरं वागवायचे. आणि एकदा एक काळा मुलाखतकार गेला. त्याला त्याच सुझनने फटक्यांचं सांगितलं, आणि रात्रंदिवस बायका-पुरुषांच्या किंकाळ्या ऐकू यायच्या हे सांगितलं, कारण कुणाची आई, कुणाचा भाऊ न सांगता-सवरता विकलेला असायचा. बाई तीच, गाव तेच, समोर बसलेला माणूस बदलला.

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि नावं झाकली तर मुलं ठरवतात ही दोन वेगळी माणसं. नावं उघडली की एकदम गोंधळ. कोण खोटं बोलतंय? मग त्यांच्यातलाच कुणीतरी म्हणतो, घरी वीज तोडायला आलेल्या माणसाला तू खरं सांगशील का. इतकं स्वच्छ मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

न्यूजर्सीचा_बाप

हे माझ्या आईलाही लागू पडतं, डॉक्टरला वेगळं सांगते आणि मला वेगळं. असो, अवांतर.

जुनं_दप्तर

अवांतर मुळीच नाही. साक्षीदार कुणासमोर बोलतोय हे आम्ही करीना आणि कैफियती (जुन्या दफ्तरांतली लेखी निवेदनं) वाचताना पहिल्यांदा पाहतो.

गणोबा_कॅलिफोर्निया

माझा मुलगा सातवीत आहे, त्याला गणिताच्या तासाला एक पत्र दिलं होतं, तुमच्या यादीत आहे का बघा. जॉर्डन अँडरसन, टेनेसीतून सुटून ओहायोत डेटनला गेलेला. जुन्या मालकाने लिहिलं, परत ये कामाला. याने १८६५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर लिहवून घेतलं की येतो, पण आधी तुमचा प्रामाणिकपणा तपासायला मागचा पगार पाठवा. माझी ३२ वर्षं, महिना २५ डॉलर. बायको मँडीची २० वर्षं, आठवड्याला २ डॉलर. पोराने गुणाकार केले: २५ × १२ × ३२ = ९,६००, आणि २ × ५२ × २० = २,०८०, एकूण ११,६८०. पत्रात पण ११,६८० च आहे! पोरगा उड्या मारत होता की अंकलने बरोबर केलंय. त्यात वरून व्याज लावा म्हणतो, आणि आमचे कपडे, डॉक्टरच्या तीन फेऱ्या आणि मँडीचा एक दात काढल्याचे पैसे वजा करा म्हणतो. दात!! मी हसून हसून लोळलो आणि मग पुढे मुलींबद्दल लिहिलंय तिथं हसू बंद झालं.

पण हे खरं आहे का हो? इतकं खुसखुशीत आहे की शंका येते.

ओसरीवरची

शंका यायलाच हवी, पत्र वर्तमानपत्रात छापून आलं होतं. पण १८७० च्या जनगणनेत डेटनमध्ये जॉर्डन अँडरसनचं कुटुंब सापडतं. आणि ही जनगणना महत्त्वाची अशासाठी, की १८५० आणि १८६० ला गुलामांसाठी वेगळी यादी असायची, तिच्यात नाव मालकाचं. त्याच्याखाली रांगेने नुसतं वय, लिंग, रंग. ३२, पुरुष, काळा. ९, मुलगी, मुलॅटो (म्हणजे मिश्रवंशीय). १८६० च्या मोजणीत असे ३९ लाखांच्या वर लोक, आणि नाव जवळजवळ कुणाचंच नाही. बहुतेकांचं नाव सरकारी मोजणीत पहिल्यांदा आलं ते १८७० ला. पूर्वज शोधणारे लोक त्याला १८७० ची भिंत म्हणतात. मी यादीचं एक पान देते आणि काहीच विचारत नाही. थोड्या वेळाने कुणीतरी ९ वर्षांच्या ओळीवर बोट ठेवतोच.

जॉर्डनच्या पत्रातली माझी आवडती ओळ पगाराची नाहीच. तो लिहितो की इथले लोक मँडीला मिसेस अँडरसन म्हणतात.

गुंडी_तुटलेली

मधेच घुसते. घरी मुलीला मराठीत समजावताना 'गुलाम' म्हटलं तर ती म्हणे पत्त्यातला? बदाम गुलाम? आमच्याकडे शब्दच असा खेळातला झालाय. शाळेत ते आता स्लेव्ह न म्हणता एन्स्लेव्ड पर्सन म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

जुनं_दप्तर

'गुलाम केलेली माणसं'. दोन शब्द जास्त, पण 'केलेली' म्हटलं की कुणी केली हा प्रश्न आपसूक येतो.

नववी_ब

नमस्कार, मी नगर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवरून आता हायस्कूलला आलोय, इतिहास शिकवतो. सँडीची जाहिरात माझ्या पोरांना द्यायचीय पण इंग्रजी झेपणार नाही. मॅडम, मराठी करून द्याल का? सही कापायला जागा सोडून 😀

ओसरीवरची

आनंदाने. कच्चा खर्डा असा:

"आल्बेमार्ल येथून, खाली सही करणाराकडचा सँडी नावाचा मुलॅटो गुलाम पळाला आहे. वय सुमारे ३५, बांधा ठेंगणा, किंचित स्थूल, वर्ण उजळ. धंद्याने चांभार, काम मुख्यतः डाव्या हाताने करतो, सुतारीची जाडीभरडी कामे येतात, घोड्यांतलेही कळते. दारूचे फार व्यसन, प्यायला की उर्मट व बेताल, बोलण्यात शिव्या फार, वागणे लबाड व..."

इथं अडलेय. मूळ शब्द दोन आहेत, एक कसब-कावा असलेला अशा अर्थाचा आणि एक सरळ लुच्चा. धूर्त लिहू? कावेबाज?

मीनू_ह्यूस्टन

आतल्या गाठीचा?

स्पष्टवक्ता_ठाणे

आतल्या गाठीचा माणूस शिव्या देत नाही. धूर्त ठेवा.

गणोबा_कॅलिफोर्निया

छक्केपंजे करणारा 😀

अजिंक्यतारा_७७

बेरकी लिहा. आमच्या आजोबांना गावातले मोठे लोक बेरकीच म्हणायचे, कारण ते पैसे आधी घ्यायचे आणि चप्पल मग द्यायचे.

ओसरीवरची

बेरकी. ठरलं. नववी_ब, संध्याकाळपर्यंत पूर्ण मजकूर तुमच्या विपुत (विचारपुशीत) टाकते, सही वेगळ्या पानावर. कात्री तुमची.